माळावर बसलेली मेंढरं

आमच्या चुलत्यांचा नातू हल्ली सेंद्रिय शेतीवर भाषणं देत हिंडतो. मागे परभणीत त्याचं एक भाषण होतं, तेव्हा मलाही गाडीत घालून नेलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. टेबलावर पाण्याच्या बाटल्या, पाठीमागे मोठा कापडी फलक आणि त्या फलकावर आमच्या काकांचा फोटो. खाली लिहिलेलं, ‘पंचक्रोशीत खताचा पहिला खड्डा खोदणारे द्रष्टे शेतकरी’. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. खड्डा काकांनी खोदला हे खरं. ते द्रष्टे होते हेही एका अर्थानं खरं, कारण ओट्यावर बसल्या बसल्या कोणाच्या घरी काय शिजतंय ते त्यांना दिसायचं. पण त्या खड्ड्यात शेणाची एक पाटी कधी पडली नाही, आणि हे सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. घरी येताना मी नातवाला तसं म्हटलं, तर तो म्हणाला, “आजी, गेलेल्या माणसाबद्दल कशाला?” गेलेल्या माणसाचा फोटो लावून टाळ्या घेताना त्याला हे सुचलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

पेडगावच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. काकांनी त्यांची रुमी टोपी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि एका आठवड्यात पांढरी टोपी डोक्यावर चढवली, इतक्या सहज की जणू जन्मतःच ती होती. जिभेवरचं ‘हुजूर’ मात्र गेलं नाही. आधी ते तहसीलदाराला हुजूर म्हणत, मग नव्या सरकारच्या कारकुनालाही म्हणू लागले. घर एकच होतं, धाब्याचं, मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घालून दोन केलेलं. भिंतीपलीकडून काकांचं खाकरणं ऐकू यायचं, मोठ्या मायच्या, म्हणजे काकूच्या, बांगड्या आणि जात्याची घरघर ऐकू यायची, आणि सणावाराला कढवलेल्या तुपाचा वास यायचा. आमच्या बाजूला अंबाडीची भाजी असायची, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. नाहीतर येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची आमटी, इतकी पातळ की ताटलीचा तळ स्पष्ट दिसायचा. मला ती आमटी अजून आवडते. सुनेनं केली की मी ती मुद्दाम पातळ करायला लावते, आणि ती मला विक्षिप्त समजते.

वाटणीत विहिरीजवळची काळी जमीन काकांकडे गेली आणि माळ आबाकडे आला. आबा म्हणजे माझे वडील. वाटणी काकांनीच केली, आबानं मान हलवली. मान हलवणं हे आबाचं मुख्य काम होतं. माळ पांढुरका, खड्यांचा, वीतभर मातीखाली मुरूम. पण तो मुळात इतका वाईट नव्हता. एकत्र घर असताना गोठ्यातलं सगळं शेणखत वर्षानुवर्षं काळ्या जमिनीत जायचं आणि माळाच्या वाट्याला पाटीभरही यायचं नाही. पीक मात्र माळातनंही काढून आणायचे. त्यामुळे तिथे ज्वारी गुडघ्याएवढी व्हायची आणि कणसं मुठीत झाकून जायची. आबा म्हणायचा, “माळच तसा हाय.” त्यावर माय म्हणायची, “चारा न घालता बैल तरी वढतो का?” वाटणीनंतर आमच्याकडे एक गाय आणि बैलांची जोडी होती, पण त्यांचंही शेण माळाला मिळायचं नाही, कारण चुलीला दुसरं काही नव्हतं. माय रोज सकाळी गोवऱ्या थापायची आणि थापताना स्वतःशीच चरफडायची, की आजची भाकरी भाजायला आपण पुढच्या सालची भाकरी जाळायलोय.

माय काकांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भाया, आणि भायासमोर बाईनं पदर नाकापर्यंत ओढायचा, वाटेत गाठ पडली तर बाजूला होऊन पाठ करायची आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याकरवी. ती तिसरी मी. काका चार हातांवर उभे असले तरी माय म्हणायची, “गोदे, सांग तुझ्या काकाला, गाय इकडं आलीय म्हणावं.” काका म्हणायचे, “गोदे, सांग, ऐकलं म्हणावं.” दोघांपैकी बहिरं कोणी नव्हतं. माझं परकर नेसायचं वय, पण या कामात मी लवकर तयार झाले. मायचा निरोप साधा असायचा, मी त्याला तिखट लावून पोचवायची. तिनं “गाय आलीय” म्हटलं की मी म्हणायची, “काका, तुमची गाय उपाशी असंल, आमच्या कडब्याला लागलीय.” माय पदराआडून मला चिमटा काढायची, पण जोरात काढायची नाही.

त्या साली माळावर काही म्हणता काही आलं नाही. खळं एका सकाळीत आटोपलं. त्याच दिवशी काकांनी आबाला ओट्यावर बोलावलं आणि सुपारी कातरत सांगितलं, “आता एकच साल बघ. पुढच्या साली बी माळ असाच गेला तर तो माझ्या औताखाली दे आन् तू माझ्याकडं सालानं ऱ्हा. भाऊ म्हून सांगायलोय, परका आसता तर बोललो नसतो.” सालानं राहायचं म्हणजे सालगडी व्हायचं. सख्ख्या भावाच्या घरी वर्षाच्या धान्यावर राबायचं, आणि मायनं जावेच्या जात्यावर दळायचं. आबानं मान हलवली. भिंतीमागे माय भाकरी थापत होती, तिचा हात थांबलेला मी पाहिला. जेवताना तिनं विचारलं, “मुंडी कामून हालवली?”

“दादा वंगाळ सांगत न्हाईत.”

“चांगलं बी सांगत न्हाईत. मी तिच्या जात्याला हात लावनार न्हाई. आधीच सांगायलेय.”

आबानं आमटीत भाकरी कुस्करली. त्या दिवसापासून मला आबाची चीड येऊ लागली, आणि ती चीड मी लपवली नाही. बापाचा आदर करावा असं मला कोणी शिकवलं नाही असं नाही, पण आदर करायला समोर काहीतरी दिसावं लागतं.

माळाला खत घालायचा एकच मार्ग मायच्या डोक्यात होता, मेंढरं बसवायचा. रबीचं पीक निघालं की म्हाळू धनगर कळप घेऊन आमच्या शिवारात यायचा. ज्याच्या शेतात कळप बसवायचा तिथे तो दिवस मावळताना वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, उभं करायचा. मेंढरं तिथे रातभर बसायची आणि सकाळी उठून जायची, ती जमिनीला तिचं खाणं देऊन. दुसऱ्या दिवशी वाघर थोडं पुढे सरकायचं. बदल्यात शेतकऱ्यानं म्हाळूला ज्वारी द्यायची. पण कळप पहिल्यांदा थोरल्या घराच्या शेतात बसवायचा, हा मान होता, आणि तो काकांचा होता. त्यांचं मन भरेपर्यंत कळप त्यांच्या काळ्या जमिनीत बसायचा, मग बाकीच्यांचे नंबर, आणि आमच्यापर्यंत येण्याआधी म्हाळू गंगाखेडकडे नदीच्या अंगाला निघून गेलेला असायचा. मायनं त्याला दोन वर्षं धपाटे आणि दही खाऊ घातलं होतं. तो खाऊन ढेकर द्यायचा, “येतो की वैनी, तुमच्याकडंच यायलोय,” म्हणायचा आणि जायचा. म्हाळू काही गरीब बिचारा वगैरे नव्हता. स्वतःच्या कुत्र्यांच्या बढाया मारणारा, हिशेबाला पक्का माणूस होता. ज्याची ज्वारी जड त्याच्या शेतात त्याचा कळप जास्त मुक्काम करायचा, एवढं त्याचं तत्त्वज्ञान.

अशात सरकारची विकासाची योजना आली. सायकलवरून एक ग्रामसेवक आला, कोवळा पोरगा, आणि त्यानं चावडीत सगळ्यांना समजावून सांगितलं. खड्डा खणा, त्यात शेणाचा एक थर द्या, पालापाचोळ्याचा एक थर द्या, वर पाणी शिंपडा, मातीनं झाका, पावसाच्या तोंडाशी उत्तम खत तयार. पोरगा बरोबर सांगत होता, यात वाद नाही. ऐकणारे आमचे काका होते, एवढीच अडचण. त्या सगळ्या बोलण्यातलं त्यांना एकच वाक्य ऐकू आलं, शेवटचं, की मोठे साहेब खड्डा बघायला येणार आहेत.

काकांनी गावाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेच्या स्वतःच्या शेतात खड्डा खणून घेतला. खड्डा कसला, लग्नाची खोली होती ती. बाजू तासून सरळ केल्या. मग त्या सारवायला बायका लावल्या. तळ सारवला, भिंती सारवल्या, वाळल्या की पुन्हा सारवल्या. गोठ्यातलं होतं नव्हतं तेवढं शेण त्या सारवणात गेलं. काठाला चुन्याचा पट्टा ओढला, चार कोपऱ्यांना बांबू उभे करून आंब्याच्या पानांचं तोरण लावलं आणि फळीवर गेरूनं ‘खत खड्डा’ लिहून घेतलं. मोठ्या मायनं काठावर रांगोळी काढली. गावातली एक म्हातारी चांगल्या मनानं शेणाची पाटी घेऊन आली, तर काका तिच्या अंगावर धावले, “ए, मागं हो! साहेबाचा मुआयना झाल्याबिगर आत काडी पडायची न्हाई.”

ग्रामसेवक आला तेव्हा तो बघतच राहिला. म्हणाला, “काका, पण शेण आतमध्ये टाकायचं असतं.”

“टाकू की. आधी साहेबाला बघू तर द्या. घान दावायची व्हय त्यांला? गावाची काही इज्जत हाय का न्हाई?”

पोरगा काकांकडेच जेवायचा. तो हात धुवायला उठला. गाव रोज खड्डा बघायला यायचं आणि लेकरांना कडेवर उचलून आत दाखवायचं. शेणाला जागा म्हणून खणलेला खड्डा शेणानं सारवून रिकामा ठेवणारं गाव दुसरं कुठे असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच शेतात मानाप्रमाणे म्हाळूचा कळप येऊन बसला. पहिल्याच सकाळी काका नाकाला उपरणं लावून बाहेर आले. मेंढरांचा आंबूस वास, धूळ, लेंड्या, आणि वर म्हाळूची कुत्री खड्ड्याच्या चुन्याच्या पट्ट्यावर तंगडी वर करून गेलेली. साहेब कधीही येतील असा निरोप होता. काकांनी म्हाळूला भर रस्त्यात झापलं, “हाकल ही घान! तिकडं माळावर ने. साहेब येऊन जाईस्तोवर तितंच बसव.”

“मंग ज्वारी कोन देनार?” म्हाळूनं लगेच विचारलं.

“ज्वारी माझी. मान माझा हाय, ज्वारी बी मीच देनार. धाकल्याची ऐपत हाय का?”

माय मला घेऊन पाण्याला चालली होती. ती घागरीसकट तिथेच थांबली. पदर ओढलेला होता, पण तिचे खांदे हलत होते, म्हणजे ती हसत होती. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “गोदे, सांग तुझ्या काकाला, लय उपकार झाले म्हणावं.” या निरोपाला मी तिखट लावलं नाही. त्याला गरजच नव्हती.

साहेब आले नाहीत. आधी जीप बिघडली, मग साहेब रजेवर गेले, मग त्यांना दुसरीकडे कुठलंतरी उद्घाटन निघालं. प्रत्येक निरोपाला काका खड्डा नव्यानं सारवायचे आणि तोरण बदलायचे. आणि तिकडे उन्हाळाभर मेंढरं आमच्या माळावर बसली. दिवस कलला की लांबून बें बें ऐकू यायचं, मग धुळीचा पट्टा दिसायचा, मग म्हाळूच्या शिव्या ऐकू यायच्या. त्याच्या शिव्यांना एक चाल होती, ती मला पाठ झाली होती. सकाळी वाघर हललं की माय अनवाणी त्या जागेवर फिरायची. जमीन काळ्या लेंड्यांनी भरून गेलेली, मुतानं ओली, वास नाकात बसणारा. मायला तो वास आवडायचा, आणि ती तसं सांगायची. आबाला ती उन्हं चढायच्या आत वखर धरायला लावायची, म्हणजे लेंडी वाळून उडून जायच्या आधी मातीत मिसळेल. आबा मुकाट वखर धरायचा. काकांच्या ज्वारीवर पोसलेला म्हाळू बांधावर बसून त्याला चुका दाखवायचा.

पाऊस त्या साली बेताचा झाला. पण आमची ज्वारी उगवली तीच हिरवीगार उगवली. पोळ्यापर्यंत ती आबाच्या खांद्याला लागली, नंतर तो आत शिरला की दिसेनासा व्हायचा. कणसं दोन हातांच्या ओंजळीत मावायची नाहीत. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे. काकांच्या काळ्या जमिनीत त्या साली ना मेंढरं बसली होती, ना शेण पडलं होतं, कारण शेण खड्ड्याच्या भिंतींवर होतं. त्यांचं पीक पिवळट दिसत होतं. खड्डा पावसानं तुडुंब भरला. त्यात बेडूक झाले. पोरं कागदाच्या होड्या सोडू लागली.

आणि आता साहेब आले.

जीप खड्ड्यापाशी थांबली. जाडसर, घामेघूम झालेला माणूस होता, मुंडासं बांधलेली माणसं बघून कंटाळलेला. त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं. एक बेडूक टुणकन उडाला. “खत कुठं आहे?” साहेबानं विचारलं. दुसरा कोणी असता तर तिथेच वितळला असता. काका नाही वितळले. “हुजूर, खत शेतात घातलं. खड्डा रिकामा झाला म्हून पानी साचलं. चला, पीक दावतो.” आणि ते साहेबाला घेऊन सरळ आमच्या माळाकडे चालू लागले. सगळं गाव मागे, त्या गावात आबाही, मान खाली घालून. माय आणि मी माळावरच बांधाचं गवत काढत होतो.

ज्वारी बघून साहेबाचा कंटाळा गेला. त्यानं एक कणीस हातात धरून तोललं. “वा! हे खड्ड्याच्या खतावर?”

“व्हय हुजूर. सगळं आपल्या खड्ड्याचं खत.”

“इथं पाटी लावायला पाहिजे. नमुन्याचं शेत. मालकाचं नाव काय लिहायचं?”

काकांनी स्वतःचं नाव सांगितलं. इतक्या सहज, जसं त्यांनी टोपी बदलली होती तसं. एकदा सरकारी पाटी लागली, तीही साहेबाच्या हातची, की पुढे ती कोण काढणार? मी आबाकडे बघितलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. स्वतःच्या शेतात, स्वतःच्या डोक्याच्या वर गेलेल्या ज्वारीत उभा राहून तो माती उकरत होता. त्या क्षणी मला काकांपेक्षा त्याची जास्त किळस आली, हे मी आजही लिहिते.

मायनं पदर ओढला. “गोदे, सांग तुझ्या काकाला...”

“ए पोरी, गप,” काका माझ्यावर ओरडले. “मोठी मानसं बोलायलेत.”

मग जे झालं ते गावानं आधी कधी बघितलं नव्हतं. माय खुरपं हातात घेऊन पुढे आली आणि काकांच्या समोर, अगदी समोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं.

“खत तुमचं आसंल तर घेऊन जा. शेनाची पाटी मी देते. बसा खाली आन् लेंडी लेंडी येचून न्या. पर ज्वारी आमची हाय आन् माळ बी आमचा हाय. पाटीवर ह्यांचं नाव लागंल,” आणि तिनं खुरप्यानं आबाकडे दाखवलं.

काकांच्या तोंडातून शब्द फुटेना, कारण भावजयीशी बोलायची रीत त्यांनाही नव्हती. साहेबानंच विचारलं, “लेंडी? कसली लेंडी?” गर्दीतून म्हाळूचा नातलग असलेला एक जण बोलला, मग दुसरा, मग सगळेच. मेंढरं, वास, तोरण, सारवण, सगळं साहेबाला कळलं. मला वाटलं, आता साहेब काकांना काहीतरी सुनावतील. पण साहेबाचा चेहरा पडला तो वेगळ्याच कारणानं. “म्हणजे खड्ड्याचं खत नाहीच? अहो, मेंढ्या आमच्या योजनेत बसत नाहीत. आमची योजना खड्ड्याची आहे.” त्यानं ते कणीस सोडून दिलं, हात रुमालाला पुसले आणि ज्वारीकडे पुन्हा बघितलंही नाही. पाटी खड्ड्यापाशी लावायचं ठरलं. काकांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता, तो साहेबानं सोडला नाही. नमुन्याच्या खड्ड्याची ती पाटी बेडकांच्या शेजारी कित्येक वर्षं उभी होती. नातवाच्या फलकावरचं ‘पहिला खड्डा’ हे तिथूनच आलेलं आहे.

जीप धूळ उडवत गेली आणि काका आमच्या दारात आले. आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच आबाला म्हणाले, “तुझ्या बायकोनं सगळ्या गावात माझं नाक कापलं. म्हाळूला सांगून ठेवलंय, पुढच्या साली माळावर एक मेंढरू दिसलं तर ह्या शिवारात पाय ठेवायचा न्हाई. माझ्या मेंढरांवर पिकवलंस. आता तुझ्या जिवावर पिकवून दाव. आन् न्हाईतर आजच बोल, माळ कधी देतोस?” आबानं मान हलवली नाही, एवढाच फरक. म्हाळूनं काकांचं ऐकलं, कारण काकांची ज्वारी जड होती. उगाच त्याला चांगला ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणजे त्या एका सुगीनं काही सुटलं नव्हतं. ज्वारी घरात आली, कणगी भरली, मायनं पहिल्यांदा घट्ट आमटी केली. पण माळ एका वर्षाच्या खाण्यावर जन्मभर जगणार नव्हता. सुगी आटोपल्यावर एका सकाळी मायनं गोवऱ्या थापणं बंद केलं. “आजपून शेन चुलीत जायचं न्हाई,” म्हणाली. चुलीला आम्ही तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, ज्वारीची धसकटं आणू लागलो. त्यांचा भडका होतो आणि लगेच विझतो, एक भाकरी भाजायला दोनदा वाकावं लागतं, घर धुरानं भरतं. मायचे डोळे तेव्हापासून जे लाल झाले ते शेवटपर्यंत तसेच राहिले. माळाच्या कोपऱ्यात तिनं आणि मी खड्डा खणला, वाकडातिकडा, ना सारवण ना तोरण. त्या सायकलवाल्या पोरानं चावडीत सांगितलेलं तिनं भिंतीआडून ऐकलं होतं. शेणाचा थर, पाल्याचा थर, वर माती. शेण घरून माळावर न्यायचं तर गावाच्या भर गल्लीतून, काकांच्या ओट्यासमोरून न्यावं लागायचं. डोक्यावर पाटी घेऊन मी जायची, माय जायची. ओट्यावरची माणसं खाकरायची. शेणाची पाटी हे बाईचं काम, त्यात लाजायचं काही नव्हतं, पण ती माणसं आम्हाला लाजवायचा मनापासून प्रयत्न करायची.

एका सकाळी दोन पाट्या भरलेल्या होत्या, एक माझी, एक मायची. माय चुंबळ शोधत होती. आबा गोठ्यातून आला. त्यानं डोक्याचा पटका सोडला. आबाचा पटका जुना होता, पण तो त्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. त्यानं त्या पटक्याची गुंडाळी केली, डोक्यावर चुंबळ म्हणून ठेवली आणि मायची शेणानं भरलेली पाटी दोन्ही हातांनी उचलून त्यावर घेतली. मायनं दुसरी पाटी माझ्या डोक्यावर दिली. तो पुढे आणि मी मागे.

ओट्यावर काका बसले होते आणि नेहमीचे चार जण होते. आबाला बघून एकानं टाळी दिली. काका उठले, ओट्यावरून खाली उतरले आणि गल्लीच्या मधोमध उभे राहिले. गल्ली अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल अशी.

“पटक्याची चुंबळ केलीस व्हय रे? बापाच्या नावाला काळिमा लावलास. ठेव ती पाटी खाली. बायकोच्या नादानं किती खाली जाशील? अजून सांगायलोय, माळ दे आन् मानसावानी ऱ्हा.”

पाटीतनं शेणाचं पाणी आबाच्या कानामागून मानेवर ओघळत होतं. तो थांबला. मला वाटलं, आता ठेवणार. मला खात्रीच होती. मी आधीच रागानं रडायच्या बेतात होते.

“दादा,” आबा म्हणाला, “माळ न्हाई देनार. वाटंतून सरका, पाटी जड हाय.”

एवढं एक वाक्य बोलायला त्या माणसाला अर्धं आयुष्य लागलं होतं. काकांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. ओट्यावरचे चौघे जमिनीकडे बघायला लागले. मग काकांनी धोतराचा सोगा वर उचलला, शेण लागू नये म्हणून पोट आत ओढून पाठ भिंतीला टेकवली, आणि आबा त्यांच्या छातीला घासून पुढे निघून गेला.